साठीनंतर दोघांसाठी ई-सायकल : मुलुंडमध्ये चालवायला कोणती घ्यावी?

खाडीकाठची | २२ सप्टेंबर, सकाळी ७:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही दोघं मुलुंड पूर्वेला राहतो. यांचं वय ६८, माझं ६३. मी मूळची सांगलीची. कॉलेजला सायकलनेच जायचे. लग्न होऊन मुंबईत आले आणि सायकल सुटली ती सुटलीच. यांनी मात्र साठीपर्यंत चालवली, भाजीला, स्टेशनला. मग डावा गुडघा कुरकुरायला लागला, तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आणि सायकल जिन्याखाली गेली. आता दोन्ही डॉक्टरांनी हलक्या व्यायामाला होकार दिलाय.

खरं कारण सांगते. गेल्या डिसेंबरात आम्ही अलिबागजवळच्या नागावला गेलो होतो. तिथे भाड्याने सायकली घेतल्या. मी पुढे होते, गप्पा मारतेय अशाच समजुतीत. उत्तर येईना म्हणून वळून बघितलं, तर हे कितीतरी मागे, उतरून सायकल ढकलत येत होते. रस्त्याला चढ म्हणावा असा चढही नव्हता. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तू जाऊन ये, मी इथेच बसतो." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

म्हणून ई-सायकल. आम्हाला लांब जायचं नाही, वेगात तर नाहीच. सकाळी आठ-दहा किलोमीटर, द्रुतगती मार्गाच्या सर्व्हिस रोडने भांडुप पंपिंग स्टेशनपर्यंत, कधी जमलं तर ऐरोलीच्या पुलावर. इमारत तीन मजली, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. सायकली खालीच राहणार. दोन्ही मिळून ८०-९० हजारांपर्यंत जाऊ शकतो.

दुकानात गेलो तर तो मुलगा रेंज, वॅट, डिस्प्ले असं भराभर सांगत सुटला. आमच्या वयाला काय बघायचं असतं, हे कुणीच सांगत नाही. तुम्ही सांगा.

---

सकाळचा_फेरा | २२ सप्टेंबर, सकाळी ८:०२

काकू, छान धागा. माझ्या आईबाबांसाठी हाच विचार चालू आहे. वाचतोय.

---

घाटकोपर_ते_कुठेही | २२ सप्टेंबर, सकाळी ९:३०

सरळ जाड टायरवाली फोल्डिंग घ्या. आपल्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक आणि खड्डे इतके की बारीक टायर टिकत नाहीत. चार इंची टायर खड्ड्यावरून गादीसारखा जातो. वर थ्रॉटल असतो, काका दमले की नुसतं फिरवायचं, पायडल मारायचीच गरज नाही. मी दीड वर्ष वापरतोय.

---

चाकपान्हा | २२ सप्टेंबर, दुपारी १:४५

ताई, माझं सायकलीचं दुकान आहे, तीस वर्षं झाली. नाव-पत्ता देत नाही, म्हणजे जाहिरात होणार नाही आणि मोकळेपणाने लिहिता येईल.

वरच्या भावाचं त्याच्या वयाला बरोबर आहे. तुमच्यासाठी मी ती सायकल काढून ठेवणार नाही. जाड टायरवाली उचलून बघा. २५ किलोच्या पुढे जाते. चालू असताना वजन कळत नाही हे खरं, पण सायकल सगळा वेळ चालू नसते. स्टँडवरून काढायची असते, गेटच्या उंबऱ्यावरून चढवायची असते, पार्किंगमध्ये दोन स्कूटरच्या मधून मागे ओढायची असते. साठीनंतरची माणसं रस्त्यावर जितकी पडतात त्याहून जास्त उभ्या सायकलवरून पडतात, हे मी दुकानाच्या दारात बघितलंय. सायकल एका बाजूला कलते, माणूस तिला सावरायला जातो, आणि दोघं खाली.

म्हणून पहिली परीक्षा बसायच्या आधीची. मोटर बंद ठेवून सायकल हाताने दहा पावलं चालवा, गोल वळवा, स्टँडवर लावा, पुन्हा काढा. हे दोघांनीही करायचं. दम लागला किंवा सायकल अंगावर आली तर पुढे बघूच नका, डिस्प्ले कितीही मोठा असो.

दुसरी परीक्षा, पाय टाकायची. आडवी दांडी नको. आपण जिला लेडीज फ्रेम म्हणतो तीच काकांनाही घ्या. पुष्कळ पुरुष इथे अडतात. काका अडले तर त्यांना सांगा, ज्याचा डावा गुडघा दुखतो त्याने टांग मारताना सगळा भार त्याच पायावर घ्यायचा आणि उजवा पाय सीटवरून फिरवायचा, यात कसली शान आहे? कमी उंचीची फ्रेम असली की पाय समोरून आत जातो. उतरतानाही तसंच. आणि सिग्नलला अचानक थांबायची वेळ आली की त्याचं मोल कळतं.

तिसरी, सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात का. निदान पहिले दोन महिने तरी टेकायला हवेत. पुढे सीट थोडी वर घ्या.

आता मोटरचं. आपल्याकडे या किमतीत बहुतेक सायकलींना मागच्या चाकात हब मोटर असते आणि पायडलजवळ सेन्सर. हा सेन्सर दोन जातींचा. साधा सेन्सर फक्त पायडल फिरतंय की नाही एवढंच बघतो. तुम्ही हलकं फिरवा की जोरात, फिरलं की मोटर ठरलेला जोर देते. दुसरा टॉर्क सेन्सर, तो तुमच्या पायाचा दाब मोजतो आणि त्या प्रमाणात मदत देतो. टॉर्कवाली चालवताना आपलेच पाय तरुण झाल्यासारखे वाटतात, मोटरचं अस्तित्व जाणवत नाही. पण महाग. साध्या सेन्सरची खोड अशी की पायडल अर्धा फेरा फिरल्यावर मोटर एकदम पकडते आणि पायडल थांबवल्यावर क्षणभर ढकलतच राहते. नवख्याला तो झटका घाबरवतो. रिक्षाच्या मागे सायकल हळूहळू नेताना तर फारच.

त्यावर उपाय आहे. ब्रेकच्या लिव्हरमध्ये स्विच असतो, लिव्हर जरा दाबली की मोटर बंद. विकत घेण्याआधी चाक उचलून हे तपासा: मोटर फिरवा, दोन्ही लिव्हर एकेक करून नुसत्या बोटाने दाबा, दोन्हींवर मोटर सुटली पाहिजे. आणि सवय लावा, उभं असताना दोन बोटं कायम ब्रेकवर. सुरुवात नेहमी एक नंबरच्या मदतीवर.

थ्रॉटल अंगठ्याचा असेल तर चालेल. मुठीसारखा फिरवायचा असेल तर नको. माणूस उतरून सायकल वळवतो, हात मुठीवरच असतो, मूठ फिरते आणि सायकल पळते. हे मी दोनदा डोळ्यांनी बघितलंय. काही सायकलींना 'वॉक मोड' असतो, बटण दाबून धरलं की सायकल माणसाच्या चालीने पुढे सरकते. रॅम्प चढवताना तो फार कामाचा.

ब्रेक डिस्कच बघा, दोन्ही चाकांना. बाकी उद्या लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

---

खाडीकाठची | २२ सप्टेंबर, रात्री ९:२०

दादा, तुमची पोस्ट यांना वाचून दाखवली. लेडीज फ्रेमपाशी आले तेव्हा हे गप्प झाले. मग म्हणाले, "परत वाच." दोनदा वाचली. बघायला तयार झालेत.

घाटकोपरचे दादा, तुमचेही आभार. थ्रॉटलने नुसतं बसून जायचं असेल तर स्कूटर आहेच घरात. यांना पाय हलवायचेत.

---

पार्ले_पूर्व | २३ सप्टेंबर, सकाळी ६:५०

या सायकलींना लायसन्स, नंबर प्लेट लागत नाही ना? बाबांचं लायसन्स संपलंय, आता काढायचं नाही म्हणतात.

---

नियम_आणि_रस्ता | २३ सप्टेंबर, सकाळी १०:१५

केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम २(यू) मध्ये, याची व्याख्या आहे. मोटरची शक्ती २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर ते वाहन 'मोटार वाहन' धरलं जात नाही. म्हणून लायसन्स नाही, नोंदणी नाही, विम्याची सक्ती नाही. पायडलला मदत करणाऱ्या सायकलीची मोटर २५ च्या वेगाला पोचेपर्यंत हळूहळू जोर कमी करत बंद व्हायला हवी आणि पायडल थांबलं तर त्याआधीही. यासाठी मान्यताप्राप्त संस्थेचं चाचणी प्रमाणपत्र असावं लागतं. पुण्याची एआरएआय ही त्यातलीच एक. विक्रेत्याकडे ते मागा. चांगल्या कंपन्या दाखवतात.

हे लिहायचं कारण, बाजारात ५०० वॅटच्या आणि 'लॉक काढून देतो, ४० ने पळेल' अशा सायकलीही सर्रास विकल्या जातात. त्या या व्याख्येत बसत नाहीत. त्यावर अपघात झाला, विशेषतः दुसऱ्या कुणाला लागलं, तर बिननोंदणीचं, बिनविम्याचं मोटार वाहन चालवल्याचा प्रश्न उभा राहतो. ज्येष्ठांनी त्या भानगडीत पडू नये.

आणि सी लिंक किंवा ईस्टर्न फ्रीवेवर दुचाकींनाच बंदी आहे, तेव्हा 'सायकल आहे, चालेल' असं समजू नका.

---

गुडघ्यांची_डॉक्टर | २३ सप्टेंबर, दुपारी ३:३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ठाण्यात. चाकपान्हा यांनी सीटबद्दल लिहिलंय त्यात थोडी भर घालते, कारण इथे दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध जातात.

पाय टेकावेत म्हणून सीट खाली ठेवली तर पायडल वर येताना गुडघा फार वाकतो आणि वाटीवरचा दाब वाढतो. गुडघेदुखीच्या माणसाला ते दुखणारच, आणि तो म्हणणार सायकल मला सोसत नाही. दोष सायकलचा नसतो, सीटचा असतो. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ, जरासा वाकलेला हवा. घरी बघायची सोपी पद्धत अशी: कुणीतरी सायकल धरायची, सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची, पायडल पूर्ण खाली असताना पाय सरळ झाला की उंची बरोबर. मग चालवताना तळव्याचा पुढचा भाग पायडलवर आला की आपोआप थोडा बाक राहतो.

पण त्या उंचीला पाय जमिनीला पूर्ण टेकत नाहीत. म्हणून पहिले काही आठवडे सीट खाली, मदत जास्त, अंतर कमी. तोल बसला की दर आठवड्याला बोटभर सीट वर. काही सायकलींमध्ये पायडल सीटच्या खाली नसून जरा पुढे असतात, त्यात पाय टेकूनही गुडघा मोकळा राहतो. मिळाली तर ती पहिली बघा.

साध्या सेन्सरला मात्र मी अगदीच नाव ठेवणार नाही. ज्यांना दाब देताच गुडघा दुखतो त्यांना तोच बरा पडतो, कारण पायडल नुसतं फिरतं ठेवलं तरी मदत मिळते. टॉर्कवाली म्हणते आधी तू दाब दे. तेव्हा काकांना दोन्ही चालवून ठरवू द्या. गिअर हलका ठेवायचा आणि पाय भराभर फिरवायचे. जड गिअरवर रेटायचं नाही, मग मोटर असो वा नसो.

अजून दोन गोष्टी, काकू, या जरा गंभीरपणे घ्या. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवायची औषधं चालू असतील. अशा माणसाच्या डोक्याला मार लागला तर वरून काही दिसलं नाही तरी आत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून हेल्मेट गल्लीतही हवं, आणि डोकं आपटलं तर 'बरं वाटतंय' म्हणून घरी बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. दुसरं, हृदयाची गती कमी ठेवणारं औषध असेल तर नाडी मोजून श्रम कळत नाहीत, नाडी हवी तेवढी वाढतच नाही. त्यांच्यासाठी बोलण्याची कसोटी. शेजारी चालवताना सलग वाक्य बोलता येतंय तोवर ठीक. वाक्य तुटायला लागलं की मदत एक नंबर वाढवायची.

---

खाडीकाठची | २३ सप्टेंबर, रात्री ८:४०

डॉक्टर, तुमची शेवटची ओळ वाचून डोळ्यांत पाणी आलं. बोलता येईल एवढाच वेग. आम्हाला तेवढंच हवंय.

हो, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. हेल्मेट सायकलींच्या आधी घेते.

---

वसईची_पायवाट | २४ सप्टेंबर, सकाळी ७:००

आमचा कडू अनुभव लिहिते, कुणाला उपयोग झाला तर. वडिलांसाठी ऑनलाइन स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. खोका घरी आला, हँडल, पायडल, पुढचं चाक आपणच जोडायचं. भुईगावच्या वाडीतल्या रस्त्यांवर वर्षभर इतकी सुंदर चालली की वडिलांचा मूडच बदलला होता. पुढच्या वर्षी बॅटरी धरेना. कंपनीला फोन केला तर सांगितलं, बॅटरी कुरिअरने पाठवा. कुरिअरवाले लिथियम बॅटरी घेईनात. जवळ सेवा केंद्र नाही. चार महिने सायकल उभी राहिली आणि वडिलांची सवय मोडली ती मोडलीच. पैशांपेक्षा ते जास्त लागलं.

ज्या दुकानातून घ्याल तिथेच दुरुस्ती होते का आणि बॅटरी त्यांच्याकडे मिळते का, एवढं विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

---

चाकपान्हा | २४ सप्टेंबर, दुपारी २:१०

वसईच्या ताईंनी लिहिलं ते सोळा आणे खरं. मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो, आधी बॅटरीचा भाव विचारा, मग सायकलचा. सायकलच्या किमतीचा चौथा-तिसरा हिस्सा नुसता बॅटरीत असतो आणि तीच आधी म्हातारी होते.

रेंजचा, म्हणजे एका चार्जमध्ये किती अंतर जाईल याचा हिशेब जाहिरातीवरून करू नका. बॅटरीवर व्होल्ट आणि एएच (अँपिअर-अवर) लिहिलेले असतात, त्यांचा गुणाकार करा. ३६ व्होल्ट, ७.८ एएच म्हणजे साधारण २८० वॅट-अवर. आपण मध्यम मदतीवर, पाय हलवत, सपाट रस्त्याने गेलो तर किलोमीटरला दहा वॅट-अवर धरा. म्हणजे २८ किलोमीटर. त्यातला पाव भाग हाताशी ठेवा, उरले एकवीस. तुमच्या दहा किलोमीटरला पुरून उरतात. ५.८ एएचची छोटी बॅटरीही तुमचं रोजचं काम करेल, पण पूल, समोरचा वारा आणि दोन वर्षांनी बॅटरीची घटलेली ताकद धरून मी ७.८ च्या खाली जाऊ नका म्हणेन. त्याच्या वर गेलात तर नुसतं वजन आणि पैसा. थ्रॉटलवर हाच आकडा झपकन खाली येतो. चार्जिंगचा खर्च म्हणाल तर एका वेळेला एक युनिटसुद्धा जात नाही.

तुमच्या इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून बॅटरी सायकलमधून सुटी निघणारीच घ्या. काही मॉडेलांत ती फ्रेमच्या नळीच्या आत बंद असते, दिसायला छान, पण मग चार्जर खाली न्यावा लागतो आणि सोसायटीशी बोलणी सुरू. सुटी बॅटरी दोन-तीन किलोची असते, भाजीच्या पिशवीतून वर येते. किल्लीने लॉक होते ना ते बघा.

चार्जिंग जेवणाच्या खोलीत, डोळ्यांसमोर. गादीवर नाही, दाराच्या वाटेत नाही, रात्रभर लावून झोपणं नाही. तिच्यासोबत आलेलाच चार्जर. पडलेली, फुगलेली, पाण्यात बुडालेली बॅटरी चार्जला लावायची नाही. सेलवर आयएस १६०४६ चा बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) शिक्का असतो, दुकानदाराला विचारा.

पंक्चरचं सांगतो, हे कुणी सांगत नाही. मागच्या चाकात मोटर असल्यामुळे चाक काढायला वायर सोडवावी लागते, मोठे नट असतात. रस्त्यावरचा पंक्चरवाला ते बघून हात वर करतो. त्याला सांगा, चाक काढू नकोस, टायरची एक कड उचल, ट्यूब बाजूने ओढ आणि तिथल्या तिथे ठिगळ लाव. आपले जुने कारागीर हेच करायचे. सायकल घेतानाच ट्यूबमध्ये पंक्चररोधक द्रव टाकून घेतलात तर बारीक तार-खिळ्याचा त्रास वाचतो. टायर दोन इंचाच्या आसपास रुंद, बस्स. हवा दर पंधरवड्याला.

---

सकाळचा_फेरा | २४ सप्टेंबर, संध्याकाळी ७:२५

काकांची जुनी सायकल जिन्याखाली आहे म्हणालात ना? तिलाच मोटरचं किट बसवलं तर? निम्म्या खर्चात होईल.

---

चाकपान्हा | २४ सप्टेंबर, रात्री ९:००

जुनी सायकल म्हणजे दांडीची फ्रेम आणि दट्ट्याचे ब्रेक. मोटरने वजन आणि वेग वाढला, ब्रेक तेच. वरून इतक्या वर्षांचा गंज. मी किट बसवतो, पण तरुणांना, चांगल्या फ्रेमवर. काकांना नाही बसवून देणार.

---

खाडीकाठची | १२ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

मंडळी, काल ठाण्यात दोन दुकानं फिरलो. पाच सायकली पाहिल्या. चाकपान्हा दादांच्या परीक्षा एका कागदावर लिहून नेल्या होत्या.

पहिली यांना फार आवडली, काळी, झोकदार. दहा पावलं चालवून वळवायला गेले तर हँडल पोटात घुसलं. स्वतःच म्हणाले, ही नको. दुसरीची उजवी लिव्हर दाबली तर मोटर फिरतच राहिली. दुकानदार म्हणाला, वायर सैल असेल. असेलही, पण ती रस्त्यावर सैल झाली असती तर?

मग एक कमी फ्रेमवाली आली. हिरवी. हे क्षणभर बघत राहिले, मग पाय सरळ आत टाकला आणि बसले. दोन्ही बुटांचे तळवे जमिनीला. दुकानासमोरच्या गल्लीत टोकापर्यंत जाऊन आले. येताना चेहऱ्यावर जे होतं ते मी खूप वर्षांत पाहिलं नव्हतं. मला म्हणाले, "अगं, ही मागून कुणीतरी धरल्यासारखी चालते. लहानपणी दादा धरायचा तशी."

मी दोन्ही सेन्सरच्या चालवल्या. टॉर्कवाली मला आवडली, यांना साधी. डॉक्टरांनी सांगितलं तसंच झालं, दाब द्यायचा नाही म्हटल्यावर गुडघा बोलला नाही. झटका पहिल्या दोन वेळा जाणवला, एक नंबरवर ठेवल्यावर गेला.

एक शंका. दोघांच्या वेगळ्या जातीच्या घेतल्या तर बरोबर चालतील का?

---

जुना_स्वार | १२ ऑक्टोबर, दुपारी ४:००

वहिनी, चालतील. मी ७१ चा, आमची ६६ ची, आमच्याही दोन वेगळ्या आहेत. चार वर्षं झाली. एकच गोष्ट पाळा: ज्याला जास्त मदत लागते त्याने पुढे राहायचं, मागच्याने आपली मदत कमी-जास्त करून वेग जुळवायचा. पूर्वी मी पुढे असायचो आणि दर कोपऱ्यावर थांबून तिची वाट बघायचो. वाट बघणारा कंटाळतो आणि जिची वाट बघतात तिला अपराधी वाटतं. आता ती पुढे असते. गर्दीच्या रस्त्यावर एकामागे एक, रिकाम्या रस्त्यावर शेजारी.

आरसा लावून घ्या, उजव्या बाजूला. आमच्या वयात मान पूर्ण वळत नाही आणि मागून येणाऱ्या इलेक्ट्रिक रिक्षेचा आवाज कानाला येत नाही. घंटा मोठी लावा. मागचा लाल दिवा सकाळीही चालू.

पावसाळ्याचं आत्ताच सांगून ठेवतो. जूनमध्ये जोराचा पाऊस लागला की आम्ही सायकली ठेवून देतो. साचलेल्या पाण्यात उघडं गटार दिसत नाही, तिथे मोटरचा काय संबंध. ठेवताना बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवायची नाही, निम्म्यावर ठेवून महिन्यातून एकदा बघायची. आपली हवा खारट. चेनला दर दोन आठवड्यांनी तेल, पुसून. धुवायची ती ओल्या फडक्याने, सर्व्हिस सेंटरच्या प्रेशरच्या पाण्याने नाही.

---

पार्ले_पूर्व | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

काका-काकूंना सकाळी शेजारी चालवायला रिकामा रस्ता मुंबईत मिळतो कुठे? सायकलींसाठी म्हणून आखलेल्या पट्ट्यांवर गाड्या उभ्या असतात. पवई तलावाकाठचा ट्रॅक होणार होता, तो उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बेकायदा ठरवला.

---

जुना_स्वार | १३ ऑक्टोबर, सकाळी ११:४०

तो तलावाच्या पाण्यात भराव टाकून होत होता, तेव्हा थांबला ते बरंच झालं असं मला वाटतं. तलाव गमावून ट्रॅक नको.

रस्ते आहेत, फक्त वेळ पाळायची. साडेसहाला बाहेर, आठला घरात. रविवारी मरीन ड्राइव्ह. बोरिवलीकरांनी तरीने गोराईला जावं, पलीकडे उत्तनपर्यंत निवांत रस्ता आहे, मधे चढ आहेत पण मोटर त्याचसाठी घेतली ना. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट मांडव्याला गाड्या-सायकली नेते, म्हणजे पुढच्या नागावला वहिनी स्वतःच्या सायकली घेऊन जाऊ शकतात. आरे कॉलनीत मात्र सकाळीही मोटारी जोरात असतात, मी आता जात नाही.

---

खाडीकाठची | ७ डिसेंबर, सकाळी १०:०५

धागा वर आणते. घेतल्या! दसरा हुकला, पाडव्याला आणल्या. यांची हिरवी, साध्या सेन्सरची. माझी राखाडी, टॉर्कवाली. दोन्ही कमी फ्रेमच्या, दोन्हींच्या बॅटरी सुट्या. हेल्मेट, आरसे, दिवे धरून ९३ हजार झाले. दुकान घरापासून चार किलोमीटरवर आहे आणि बॅटरी तिथे मिळते, लेखी घेतलं.

पहिले दोन आठवडे सोसायटीच्या आवारात आणि मागच्या गल्लीतच. मी एकदा पडले, उभी असतानाच, दादांनी लिहिलं होतं अगदी तशी. सिग्नल नव्हता, काही नव्हतं. पाय खाली टेकायच्या आधी पायडलवर भार पडला, सायकल पुढे सरकली, मी बाजूला. कोपर खरचटलं. तेव्हापासून दोन बोटं ब्रेकवर, सुटतच नाहीत.

यांची सीट आता तीन बोटं वर आली आहे. गुडघा रात्री दुखत नाही. मदत दोन नंबरवर असते.

आज पहाटे भांडुप पंपिंग स्टेशनला गेलो. द्रुतगती मार्ग सोडून आत वळलं की एकदम शांत होतं. दोन्ही बाजूंना खारफुटी, रस्त्यावर दव. ओहोटी होती. खाडीच्या तोंडाशी चिखलात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उभे होते, लांबून नुसती गुलाबी रेघ दिसत होती. दुर्बिणी घेऊन काही मुलं आली होती, त्यांनी यांना बघायला दिलं. यांनी सायकल स्टँडवर लावली, बॅटरीची किल्ली खिशात टाकली, आणि किती तरी वेळ बघत राहिले.

परत येताना रस्ता रिकामा होता, म्हणून शेजारी चालवत होतो. हे सबंध वाटभर बोलत होते. ऐंशी सालचा त्यांचा पहिला पगार, त्यातून घेतलेली सायकल, तिचा नंबरसुद्धा. मला ही गोष्ट माहीतच नव्हती. वाक्य कुठे तुटतंय का म्हणून मी कान देऊन ऐकत होते. सर्व्हिस रोड लागला तसे हे पुढे झाले, मी मागे, आणि पुढून ओरडून विचारलं, "येतेस ना?"